एकवीस मण्यांची माळ

अपुऱ्या दिवसांचं बाळ दर श्वासाला कण्हू लागलं की, आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या पोटात गोळा येतो. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली त्याचं कारण दाखवलं. फुप्फुसातले वायुकोश मिटू न देणारा स्निग्ध थर, म्हणजे सरफॅक्टंट, या बाळांत पुरेसा नसतो. १९८०मध्ये जपानच्या फुजिवारांनी गाईच्या फुप्फुसापासून तयार केलेला सरफॅक्टंट दहा बाळांना दिला आणि त्यांचा श्वास सुधारला.

पण दर वेळी जनावराकडेच का जायचं? अमेरिकेत स्क्रिप्स संस्थेतल्या चार्ल्स कॉक्रेन आणि सुसान रेवाक यांनी सरफॅक्टंटमधल्या ‘एसपी-बी’ या प्रथिनाची नक्कल करायचं ठरवलं. मूळ प्रथिन ७९ अमिनो आम्लांचं. यांनी प्रयोगशाळेत २१चीच साखळी रचली: एक लायसिन, चार ल्युसिन, पुन्हा लायसिन. शाळकरी पोरीनं मणी ओवावेत तशी! लायसिनवर धन विद्युतभार, ल्युसिन पाण्याला टाळणारं. एसपी-बीचा एवढाच गुण उचलला, तरी स्निग्ध द्रव्यांत मिसळल्यावर साखळी काम करू लागली. १९९१मध्ये ‘सायन्स’ने ते छापलं.

तिच्यापासून केलेल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली २०१२मध्ये. मण्यामागे एक वर्ष! आणि २०१५मध्ये कंपनीनं उत्पादनच थांबवलं. आमच्या वॉर्डातल्या फ्रीजमध्ये आजही कुपी आहे ती जनावराच्याच फुप्फुसातली.