सातमाशाची फाइल

आमच्या लालबागच्या खोलीत पोटमाळ्यावर एक खाकी फाइल आहे. तिच्यावर माझं नाव नाही, 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव आहे. 1997 साली मी 31व्या आठवड्यात जन्मलो, तेव्हा माझं वजन होतं 1340 ग्रॅम. चाळीतल्या आज्या मला अजून 'सातमाशा' म्हणतात. त्यांचा हिशेब ठरलेला: सातव्यातलं पोर जगतं, आठव्यातलं जगत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी माझ्या ताईलाही 33व्या आठवड्यात मुलगी झाली. वजन 1700 ग्रॅम. कालच ती घरी आली, आणि आईने मला माळ्यावरून फाइल काढायला लावली.

आज्यांचा हिशेब चुकीचा आहे. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा फुप्फुसाच्या आणि मेंदूच्या कामी येतो. 1963 साली अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक पाचेक आठवडे लवकर जन्मला. वजन दोन किलोच्या वर होतं, तरी 39 तासांत गेला. फुप्फुसातले हवेचे फुगे मिटू नयेत म्हणून त्यांना आतून एक पातळ थर लागतो, सरफॅक्टंट नावाचा. तो त्याच्यात पुरेसा तयार झाला नव्हता आणि त्यावर तेव्हा औषध नव्हतं. मग 34 वर्षांनी, त्याच्याहून लवकर आणि त्याच्याहून हलका जन्मलेला मी, संपात गिरणी सुटलेल्या कामगाराचा नातू, कसा जगलो?

मी इंजिनिअर. माझं उत्तर तयार होतं: यंत्रं. काचेची पेटी, ऑक्सिजन, सलाइन. फाइल वाचली, मग या भागातल्या रुग्णालयांबद्दल वाचत गेलो, तेव्हा कळलं की हे उत्तर अर्धंच आहे.

परळला 1926 साली केईएम आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झालं. 1929 मध्ये शेजारी लहान मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय आलं. गिरणगावातल्या बायांना बाळंतपणासाठी हाकेच्या अंतरावर दवाखाने मिळाले. पण दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला फक्त पेटीत ठेवून भागत नाही. त्याचं आतडं कच्चं असतं. पावडरच्या दुधावर वाढवलं, तर ते सुजून सडण्याचा धोका वाढतो. आणि नेमकं अशा वेळी पुष्कळ आयांना दूधच उतरत नाही.

यावरचा उपाय दादरच्या पुढे, सायनला झाला. धारावीला लागून असलेल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 27 नोव्हेंबर 1989 रोजी मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातली पहिली. ज्यांना दूध जास्त येतं त्या बाळंतिणी ते देतात. दूध देणारीची रक्ततपासणी होते, दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवतात, गोठवून ठेवतात आणि गरजेच्या बाळाला पाजतात. माझ्या फाइलमध्येही पहिल्या चार दिवसांपुढे लिहिलंय, 'दुसऱ्या मातेचं दूध'. ती बाई कोण, हे आईलाही माहीत नाही.

दुसरा उपाय तर आणखी साधा. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1970 च्या दशकाच्या शेवटी पेट्या पुरत नव्हत्या, म्हणून डॉक्टरांनी बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधली. हीच कांगारू पद्धत. परळच्या केईएममध्ये तिची रीतसर चाचणी झाली, ती 2008 साली छापून आली. दोन किलोखालची 206 बाळं, निम्मी आईच्या छातीशी, निम्मी नेहमीच्या पद्धतीने. छातीशी असलेल्यांचं वजन दिवसाला सुमारे 24 ग्रॅमने वाढलं, बाकीच्यांचं सुमारे 16 ग्रॅमने. ती गारही कमी पडली.

म्हणजे जगलो. पण जगणं आणि धड वाढणं यात फरक आहे, हे जगाला फार महागात कळलं. 1940-50 च्या दशकांत अशा बाळांना भरपूर ऑक्सिजन दिला गेला आणि हजारो मुलं आंधळी झाली. नाजूक पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या होत्या. बाळं वाचल्याचा आनंद झाला होता, डोळे गेल्याचं नंतर कळलं.

नंतर काय होतं, हे महाराष्ट्रात चिकाटीने पाहिलं ते पुण्याच्या केईएममध्ये डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी. 1987 ते 1989 दरम्यान घरी सोडलेल्या, दोन किलोखाली जन्मलेल्या मुलांना त्यांनी 18 वर्षांपर्यंत पुन्हा पुन्हा बोलावून तपासलं. सहाव्या वर्षी त्यांची सरासरी बुद्धी सामान्य मर्यादेत होती, पण बरोबरीच्या मुलांहून थोडी कमी. डोळा आणि हात यांचा मेळ, वाचन, गणित इथे अडचणी जास्त दिसल्या.

हे वाचून मी थोडा वेळ फोन खाली ठेवला. शाळेत माझं फळ्यावरचं कधीच उतरवून व्हायचं नाही. चेंडू हातातून सुटायचा. एका बाईंनी प्रगतिपुस्तकात 'आळशी' असा शेरा मारला होता. माझं कारण तेच होतं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण सरासरीवरून एका माणसाचं निदान होत नसतं. पण तो शेरा मी वीस वर्षं खरा मानला, एवढं खरं.

फाइलमधली शेवटची तारीख माझ्या पाचव्या वाढदिवसानंतरची आहे. डोळे, कान, वजन, चालणं, बोलणं, प्रत्येक तपासणीची नोंद आहे. आई पोळ्यांची कामं बुडवून मला घेऊन जायची. शेजारी म्हणायचे, "पोरगं ठणठणीत आहे, कशाला खेटे घालतेस?"

काल ताईच्या सासूबाई अगदी हेच म्हणाल्या. बाळ दूध पितंय, रडतंय, मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे कशाला? मी त्यांना पॅट्रिकची गोष्ट सांगितली नाही. एवढंच सांगितलं की दोन किलोखालच्या बाळाचा डोळ्यांचा पडदा तीस दिवसांच्या आत तपासावा लागतो. बिघाड वरून दिसत नाही, आणि वेळेत सापडला तर लेझरने नजर वाचवता येते. त्या गप्प राहिल्या. आईने फाइल त्यांच्यापुढे सरकवली.

तपासणी मंगळवारी आहे. मी रजा टाकली आहे. वाटेत एक नवी खाकी फाइलही घ्यायची आहे.