पुण्याजवळ गुंठा स्वस्त का मिळत नाही?

मंडळी, "पुण्यापासून तासाभरावर वीस-पंचवीस गुंठे रान मिळेल का? भाजीपाला करायचाय, चार शेळ्या पाळायच्यात, बजेट बेताचं आहे." असा मेसेज आठवड्यातून एकदा तरी येतोच. विचारणारे सगळे फार्महाऊसवाले नसतात. कुणाच्या वडलांनी जमीन विकलेली असते, तर कुणी आजही दुसऱ्याच्या रानात रोजानं जात असतं. जमीन का मिळत नाही याचं उत्तर एजंटकडे नाही, ते आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात आहे. जरा वेळ काढून वाचा.

सुरुवात इंदापुरापासून. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी तिथं नव्यानं जमीनमोजणी सुरू केली. त्याआधीच्या प्रिंगलच्या मोजणीत सारा इतका चढा बसला होता की लोक रानं टाकून गेले होते. नव्या पद्धतीत सारा कमी केला आणि तीस वर्षांसाठी बांधून दिला. मोजायला ३३ फुटी साखळी होती. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठा हे माप सारा बसवायचं, प्लॉट पाडायचं नव्हे.

पण मोजलेली, नावावर लागलेली जमीन गहाण ठेवता येते आणि विकताही येते. सावकारानं हे शेतकऱ्याच्या आधी ओळखलं. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली. राग होता तो कर्जरोख्यांवर. रोखे हिसकावून जाळले गेले. दंग्याचं लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं, चौकशी आयोग बसला आणि १८७९ ला शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. जमीन कसणाऱ्याच्या हातून सुटू नये, हा विचार कायद्यात तेव्हा शिरला.

स्वातंत्र्यानंतर तोच विचार पुढं गेला. १९४७ ला तुकडेबंदी आली, म्हणजे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकता येत नाही. १९४८ ला कूळकायदा आला. त्याच्या कलम ६३ नुसार शेतजमीन शेतकऱ्यानं किंवा शेतमजुरानंच घ्यायची, बाकीच्यांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आणि १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी दुसऱ्याची जमीन कसणारं कूळ कायद्यानं मालक मानलं गेलं. आज आपल्यातल्या कित्येकांच्या घरात जमीन आहे ती त्या तारखेमुळं. हे उपकार विसरून चालणार नाही.

पण त्या तारखेची दुसरी बाजूही आहे. मालकांच्या मनात जी भीती बसली, ती तीन पिढ्या झाल्या तरी गेली नाही. "कसायला दिली की कूळ लागतं." म्हणून पोरं पुण्यात नोकरीला, म्हातारा-म्हातारी गावात आणि रान पडीक, हे चित्र गावोगाव दिसतं. दिलीच तर अर्धलीनं किंवा खंडानं, तीही तोंडी. कसणाऱ्याकडं कागद नाही, म्हणून पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई हे सगळं सातबारावाल्याच्या नावावर.

मग शहर आलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीत आयटी पार्क उभा राहू लागला आणि मुळशीतल्या भातखाचरांचा भाव भातावर ठरेनासा झाला. आपल्या पुरंदरात २०१६ ला विमानतळाची घोषणा झाली. सात गावांची जमीन त्यात जाणार म्हटल्यावर शेजारच्या गावांतही अंजीर आणि सीताफळाच्या बागा स्क्वेअर फुटात मोजल्या जाऊ लागल्या. एक गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट, हे आता शाळकरी पोरगंही सांगतं. पण त्या गुंठ्यात किती पेंढ्या मेथी निघते, हे कुणी विचारत नाही.

गंमत बघा. शेतमजुराला जमीन घ्यायची मुभा कायद्यानं दिली, भावानं ती काढून घेतली. आणि पैसेवाल्याला कायद्यानं अडवलं, तर तो कुठून तरी शेतकरी दाखला काढून आत आलाच.

आता कामाचं बोलू. ऑगस्ट २०२३ पासून पुण्यासह बहुतेक जिल्ह्यांत किमान क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे आहे. त्यामुळं शेतीसाठी दोन-तीन गुंठे कुणी नोटरीच्या कागदावर देत असेल, किंवा दहा अनोळखी माणसांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक लावत असेल, तर स्वस्त म्हणून भुलू नका. वाटणी होत नाही, बांध पडत नाही आणि भांडण मात्र वारशानं मुलांना मिळतं. सातबाऱ्यातली 'भोगवटादार वर्ग २' ही नोंद आणि 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचा. कूळ, वतन, पुनर्वसन, असा सगळा इतिहास तिथं एकेका ओळीत लिहिलेला असतो. अशी जमीन घ्यायची तर आधी तलाठ्याकडं आणि तहसीलला विचारा. मग रस्ता नकाशावर आहे का आणि विहिरीत हिस्सा किती, ते बघा.

पण खरा प्रश्न खरेदीचा नाहीच. पुण्याभोवती शेतीच्या उत्पन्नातून फिटेल अशा भावात जमीन आता मिळणार नाही, हे मान्य करावं लागेल. स्वस्त आहे ती पडीक जमीन, आणि ती विकत नाही, कसायला हवी. नीती आयोगानं २०१६ ला भाडेपट्ट्याचा नमुना कायदा मांडला तो याचसाठी. मालकाची मालकी शाबूत राहावी आणि कसणाऱ्याला कर्ज-विम्यापुरता कागद मिळावा, एवढीच त्यातली मुख्य गोष्ट. १९५७ ला कसणाऱ्याला मालकी देण्याची हिंमत या राज्यानं दाखवली होती. आज त्याला निदान पाच वर्षांचा करार देण्याची हिंमत दाखवायला काय हरकत आहे?

तुमच्या गावात पडीक रान किती आहे आणि ते का पडीक आहे, खाली लिहा. आमदार-खासदारांना टॅग केलंत तरी चालेल.