चिखलातील ‘लॉन मोअर’ : वेगाआधी ताकद

चालकाने वर बसून चालविण्याच्या, गवत कापणाऱ्या ‘लॉन मोअर’च्या शर्यती इंग्लंडमधील विस्बरो ग्रीन या खेड्यात १९७३ मध्ये सुरू झाल्या. अमेरिकेत अशा शर्यतींची संघटना १९९२ मध्ये स्थापन झाली. पाती काढून हीच यंत्रे चिखलात आणि चढणीवर नेण्याचा छंदही तेथे रुजला. शर्यतीत वेग महत्त्वाचा, तर चिखलात ओढण्याची ताकद. त्यामुळे येथे गिअरची निवड निर्णायक ठरते.

पुलीचे गणित

इंजिनाची शक्ती पट्ट्याद्वारे मागील चाकांच्या गिअरपेटीकडे जाते. इंजिनाची गती मिनिटाला ३६०० फेरे, त्यावरील पुली ४ इंची आणि गिअरपेटीवरील पुली ८ इंची असल्यास पेटीला १८०० फेरे मिळतात. निवडलेल्या गिअरमध्ये ते ३० पटींनी घटले, तर चाक मिनिटाला ६० वेळा फिरते. २० इंच व्यासाच्या चाकावर हा वेग ताशी सुमारे पावणेसहा किलोमीटर होतो.

अनेकांची गफलत होते ती टायर बदलताना. २३ इंची टायर बसविताच वेग १५ टक्क्यांनी वाढतो. पण ताकद सुमारे १३ टक्क्यांनी घटते. ती भरून काढण्यासाठी इंजिनावर साडेतीन इंची किंवा गिअरपेटीवर ९ इंची पुली लावता येते. लहान पुलीवर पट्ट्याची पकड कमी होऊन तो घसरतो. म्हणून जागा असल्यास दुसरा पर्याय उत्तम.

गिअरपेटी कोणती?

तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रोस्टॅटिक पेटी चालविण्यास सोपी असली, तरी चिखलातील सततच्या भाराने तापते आणि तिची ओढ मंदावते. दातेरी चक्रांची पेटी अशा कामाला अधिक योग्य. डिफरन्शियल बांधून टाकल्यास दोन्ही चाके एकत्र फिरतात. मात्र, वळण घेणे अवघड होते आणि आसावर ताण येतो.

उतारावरील धोका

खालचा गिअर उतरताना इंजिनाचा रोध मिळवून देतो. पट्टा निसटल्यास हा आधार तत्क्षणी नाहीसा होतो आणि सारी भिस्त ब्रेकवर येते. त्यामुळे पुलीला पट्टा-रक्षक लावणे आणि ब्रेक आधी तपासणे अत्यावश्यक आहे. वेगासाठी गव्हर्नर काढल्यास इंजिनाची गती मर्यादेपलीकडे जाऊन कनेक्टिंग रॉड वा फ्लायव्हील फुटू शकते. चालक पडताच इंजिन बंद करणारी दोरी आणि हेल्मेट यांना पर्याय नाही.