खेड्यातल्या घरांचं हॉस्पिटल

१९३८ साली आमची परभणी निजामाकडे, सोलापूर इंग्रजांकडे. त्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही.

जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस बेथून इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे प्रमुख झाले. हॉस्पिटल म्हणजे काय, तर खेड्यातली घरं. जपानी फौज चालून आली की जखमींसकट सगळं हलवायचं. नाकेबंदीमुळे औषधं तुटपुंजी. शिवाय विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवायची, तीही चिनी भाषेतून. (एक सर्व्हर हलवायचा तर आमच्या आठवडाभर मीटिंगा चालतात.)

अपस्माराचे झटके येत होते, तरी त्यांनी आघाडी सोडली नाही. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले. वय ३२. मुलगा चार महिन्यांचाही नव्हता.