आगर आणि पृथक्करण

भिवंडी तालुक्यातील अंजूर हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे ते गंगाजी नाईक अंजूरकर यांच्यामुळे. १७३७ ते १७३९ या काळातील वसईच्या मोहिमेत या घराण्याने बजावलेली कामगिरी सर्वश्रुत आहे. परंतु ज्या खाडीपट्ट्यात हे गाव वसले आहे, त्याचा दुसराही एक इतिहास तेथील शब्दांत साठून राहिला आहे.

या पट्ट्यातील आगरी समाजाचे नाव ‘आगर’ म्हणजे मिठागर या शब्दाशी जोडले जाते. संस्कृत ‘आकर’ म्हणजे खाण. त्याचे प्राकृत रूप ‘आगर’. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात खाणींविषयीच्या प्रकरणातच लवणाध्यक्षाची कर्तव्ये सांगितली आहेत. मिठाची गणना खनिजसंपत्तीत करण्याची दृष्टी इतकी जुनी आहे.

मिठागरात केवळ पाणी आटते असे नव्हे. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटू लागले की प्रथम कॅल्शियम कार्बोनेट, मूळ आकारमानाच्या सुमारे एकपंचमांश पाणी उरल्यावर जिप्सम आणि सुमारे एकदशांश उरल्यावर मीठ खाली बसते. मॅग्नेशियमचे कडू क्षार द्रावातच राहतात. म्हणून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात घेतात व अखेरचे कडू पाणी काढून टाकतात. शाळेत वाळू व मीठ यांचे मिश्रण विरघळवून, गाळून आटवितात, तेव्हा पाण्यातील सर्व क्षार एकत्रच उरतात. आगरातील क्रिया त्याहून सूक्ष्म होय.

येथे परिभाषेचा प्रश्न उपस्थित होतो. मराठीत ‘पृथक्करण’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ झाला. मिश्रणाचे घटक वेगळे करणे हा एक आणि पदार्थात कोणते घटक आहेत हे ओळखणे हा दुसरा. व्याकरणातील ‘वाक्यपृथक्करण’ या दुसऱ्या अर्थाचेच आहे. या दोन क्रिया मात्र एक नव्हेत. खाऱ्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकताच पांढरा साका येतो. क्लोराइडचे अस्तित्व कळते, पण मीठ हाती येत नाही. उलट, आगऱ्याच्या हाती मीठ येते, परंतु क्लोराइड हे नाव त्याला ठाऊक असण्याची गरज नसते.

ओळखण्याच्या क्रियेस ‘विश्लेषण’ हा स्वतंत्र शब्द पुढे रूढ झाला, हे योग्यच झाले. मात्र त्या दोन क्रियांतील भेद केवळ व्याख्येने स्पष्ट होत नाही. खाडीपट्ट्यातील विद्यार्थ्याला तो प्रथम आगराच्या बांधावर दाखविता येतो. ‘स्फटिकीभवन’ हा शब्द त्याला नवा असेल. ती क्रिया त्याच्या पूर्वजांस नवी नव्हती. परिभाषा घडविताना हे ज्ञान जमेस धरले नाही, तर शास्त्र मराठीत येऊनही परकेच राहील.