सागरतळाची हिमरेषा



इतिहास म्हणजे केवळ राजेरजवाड्यांचा, असे या व्याख्यानमालेने कधी मानले नाही. म्हणूनच आज मी गाळाचा इतिहास सांगण्याचे धाडस करीत आहे.

२१ डिसेंबर १८७२ रोजी 'चॅलेंजर' जहाज पोर्ट्समथहून निघाले. वायव्हिल थॉमसन हे त्यावरील शास्त्रज्ञांचे प्रमुख. १८७३ मध्ये अटलांटिक ओलांडताना जागोजागी तळाचा गाळ वर काढण्यात आला. कमी खोलीवर तो पांढुरका होता. ग्लोबिजेरिना नामक सूक्ष्म जीवांच्या चुनखडीच्या कवचांचा. खोली वाढली तशी कवचे झिजलेली दिसू लागली आणि अखेरीस उरली ती तांबडी माती.

हे जीव तळाशीच राहतात, असे थॉमसन मानीत. सहकारी जॉन मरे यांनी पृष्ठभागाजवळ जाळी ओढून ते जिवंत पकडले. पुरावा पाहून थॉमसन यांनी आपले मत बदलले. थोर माणसाला हे शोभते. परंतु मग प्रश्न उरला : वरून पडणारी कवचे खोल तळावर दिसत का नाहीत?

ती विरघळतात, हे त्याचे उत्तर. खोलीबरोबर दाब वाढतो, पाणी थंड होते आणि कुजणाऱ्या जीवांचा कर्बवायू त्यात साठतो. या सर्वांमुळे चुनखडी पाण्यात जाते. १९६६ मध्ये पीटरसन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मध्य पॅसिफिकमध्ये निरनिराळ्या खोलीवर कॅल्साइटचे गोळे टांगले होते. सुमारे ३,७०० मीटरखाली त्यांची झीज एकाएकी वाढली. त्याहून खाली आवक आणि झीज यांची तोंडमिळवणी होते. त्या पलीकडे चुनखडी साचत नाही. पर्वतावरील हिमरेषेसारखीच ही रेषा : वर पांढरे, खाली तांबडे. अटलांटिकमध्ये ती सुमारे ५,००० मीटरवर आहे. पॅसिफिकचे खोल पाणी अधिक काळ पृष्ठभागापासून दूर राहिलेले, म्हणून कर्बवायूने अधिक भारलेले. तेथे ती कित्येक शे मीटर वर आहे.

ही रेषा अढळ नाही. दक्षिण अटलांटिकच्या तळातून २००३ मध्ये काढलेल्या गाभ्यांत पांढऱ्या गाळामध्ये तांबूस मातीचा थर आढळला. सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी प्रचंड कर्ब समुद्रात गेला, तेव्हा ही रेषा दोन किलोमीटरहून अधिक वर सरकली होती. समुद्राला सावरण्यास एक लाखाहून अधिक वर्षे लागली.

आज आपण सोडलेल्या कर्बवायूचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र गिळतो. तळाची चुनखडी विरघळून तो आम्लपणा शमवील खरा. पण त्यास हजारो वर्षे लागतील. या शाळेतील मुलांना तेवढी सवड नाही. समुद्राच्या त्या संथ उदारपणावर विसंबून आपण निश्चिंत राहू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.