फॅरेडेचा प्रश्न आणि चुंबकाची बॅटरी

शाळेच्या प्रयोगशाळेत आपण सर्वांनी एक प्रयोग पाहिलेला असतो. तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आत-बाहेर केला की गॅल्व्हानोमीटरचा काटा हलतो. चुंबक आत तसाच ठेवला की काटा शून्यावर येऊन थांबतो. गुरुजी नियम सांगतात आणि विद्यार्थी तो पाठ करतात. परंतु हा नियम हाती येण्यापूर्वी एका माणसाच्या पदरी किती वर्षे निराशा आली, हे सहसा सांगितले जात नाही.

इ. स. १८०० मध्ये इटलीच्या व्होल्टाने दोन धातूंच्या चकत्या आणि त्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठे रचून पहिली बॅटरी जगापुढे मांडली. १८२० साली कोपनहेगनच्या ओर्स्टेडला दिसून आले की, तारेतून वीज वाहू लागली म्हणजे शेजारच्या होकायंत्राची सुई वळते. वीज चुंबकत्व निर्माण करते, हे सिद्ध झाले. मग चुंबक वीज का निर्माण करणार नाही?

हा प्रश्न लंडनच्या मायकेल फॅरेडेच्या मनात घर करून बसला. फॅरेडे लोहाराचा मुलगा. शालेय शिक्षण जेमतेम. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचूनच शास्त्र शिकला. हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाची व्याख्याने त्याने टिपून घेतली, त्या टिपणांचे पुस्तक स्वतः बांधून डेव्हीकडे पाठविले आणि १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनिसाची जागा मिळविली.

१८२५ साली त्याने एका तारेतून वीज सोडून शेजारच्या तारेत ती उमटते का, हे पाहिले. काटा हलला नाही. अखेर २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून त्याने प्रयोग केला, तेव्हा काटा हलला. परंतु बॅटरी जोडताना आणि तोडताना, तेवढाच क्षणभर. स्थिर चुंबकापासून वीज मिळत नाही, चुंबकत्वात बदल व्हावा लागतो, हे त्याने ओळखले. आजची बहुतेक वीजनिर्मिती केंद्रे याच तत्त्वावर चालतात.

यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी या कथेला नवे पान जोडले गेले. इलेक्ट्रॉनवर विद्युत्‌भार असतोच. शिवाय तो स्वतः एक सूक्ष्म चुंबकही असतो. या गुणधर्माला ‘स्पिन’ म्हणतात आणि ही कल्पना १९२५ साली मांडली गेली. फॅरेडेला इलेक्ट्रॉनच ठाऊक नव्हता, मग स्पिन कोठून ठाऊक असणार? २००९ मध्ये फाम नाम हाय, ओह्या, तानाका, बार्न्स आणि माएकावा या जपान व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक शोध प्रसिद्ध केला. मँगनीज आणि आर्सेनिक यांच्या संयुगाचे अतिसूक्ष्म चुंबकीय कण असलेले उपकरण त्यांनी स्थिर चुंबकीय क्षेत्रात ठेवले. तेव्हा शंभर ते हजार सेकंदांच्या कालावधीत विद्युत्‌दाब निर्माण झालेला आढळला. बाहेरचा चुंबक स्थिर, उपकरणही स्थिर, तरीही वीज!

मग फॅरेडे चुकला काय? मुळीच नाही. त्याचा नियम इलेक्ट्रॉनच्या विद्युत्‌भारासंबंधी आहे. येथे बल स्पिनवर पडते. शिवाय बदल येथेही होतोच, तो त्या सूक्ष्म कणांच्या चुंबकत्वात होतो. घड्याळाला चावी दिल्यावर जशी स्प्रिंगमध्ये ऊर्जा साठते, तशी ती चुंबकीय क्षेत्रामुळे या कणांत साठते आणि तीच विजेच्या रूपाने बाहेर पडते. साठा संपला की वीज संपली. ते उपकरण केसाच्या जाडीएवढे होते आणि त्यावर एक लहानसा दिवाही लागला नसता. अशी बॅटरी अद्याप बाजारात आलेली नाही.

पालकांनी व विद्यार्थ्यांनी यातून एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. चुंबकावर फुकट आणि अखंड वीज देणारे यंत्र विकणारे लोक अधूनमधून भेटतात. त्यांना एकच प्रश्न विचारावा: ही ऊर्जा येते कोठून? चुंबकाची नवी बॅटरीसुद्धा या प्रश्नाचे चोख उत्तर देते. आणि घरातले मूल “असे का?” म्हणून विचारू लागले, तर त्याला गप्प बसवू नये. पुस्तके बांधणाऱ्या एका मुलाच्या अशाच प्रश्नातून आपल्या घरातला दिवा पेटला आहे.